मशीनवर कोणता तक्ता ठेवायचा? गर्भाच्या वाढीचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून

सोनोग्राफीचं नवीन मशीन बसवायला येणारा कंपनीचा ॲप्लिकेशनवाला मुलगा दोन-तीन तासांत सगळं लावून देतो. प्रोब, प्रीसेट, प्रिंटर, रिपोर्टवर सेंटरचं नाव. शेवटी, बॅग आवरता आवरता विचारतो, "मॅडम, ओबीचे टेबल काय ठेवू? हॅडलॉकच राहू दे ना?" ओबीचे टेबल म्हणजे गर्भाच्या वाढीचे तक्ते, आणि हॅडलॉक हा त्यातला सगळ्यात रुळलेला. बाहेर पेशंट ताटकळलेले असतात. आपण म्हणतो, "हो, राहू दे." त्या 'राहू दे'वर मग पुढची सात-आठ वर्षं बाळं मोजली जातात.

मागच्या मशीनच्या वेळी मीही तेच म्हणाले होते. यंदा त्याला म्हटलं, थांब, हे पान मी नंतर भरते. मग दोन-तीन रात्री बसून हाताशी असलेले तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नवीन सेंटर टाकणाऱ्या सोनोलॉजिस्टच्या आणि ग्रोथ स्कॅन वाचून निर्णय घेणाऱ्या गायनॅकच्या कामी येईल म्हणून इथे मांडते आहे. दोन सेंटरचे दोन रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेल्या घरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी एकच बाळ घेऊ

३६ आठवडे पूर्ण. डोक्याचा घेर ३१.५ सेंमी, पोटाचा घेर २८.७, मांडीचं हाड ६.७. हॅडलॉकच्या तीन मापांच्या सूत्रात हे आकडे टाकले की वजन येतं साधारण २२५० ग्रॅम. हॅडलॉकच्याच वजनाच्या तक्त्यात ३६ आठवड्यांना मधली रेषा २८१३ ग्रॅमवर आहे आणि दहावी २३३५ वर. आपलं बाळ दहाव्या रेषेखाली, सहाव्या सेंटाइलच्या आसपास, म्हणजे त्या तक्त्यातली शंभरातली सहाच बाळं याच्याहून हलकी. रिपोर्टमध्ये 'वयाच्या मानाने लहान' असं जातं, डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) होतो, आणि सासूबाई दारातूनच विचारतात, "बाळ बारीक आहे का हो?"

आता हेच २२५० ग्रॅम इंटरग्रोथ नावाच्या दुसऱ्या तक्त्यावर ठेवा. तिथे ३६ आठवड्यांची दहावी रेषा २१४४ वर आहे. बाळ एकदम सतराव्या सेंटाइलच्या घरात जातं. रिपोर्ट 'वाढ योग्य', घरी सगळे खूश.

गंमत पुढेच आहे. इंटरग्रोथचं वजनाचं सूत्र वेगळं आहे. ते फक्त डोकं आणि पोट घेतं, मांडीच्या हाडाकडे बघतही नाही. आपलीच मापं त्या सूत्रात घातली की वजन निघतं साधारण २०४० ग्रॅम. हे वजन त्यांच्या दहाव्या रेषेखाली जातं, पुन्हा सहाव्या सेंटाइलच्याच आसपास.

म्हणजे ते सतरावं सेंटाइल ना हॅडलॉकचं होतं, ना इंटरग्रोथचं. एकाचं सूत्र आणि दुसऱ्याची रेषा यांच्या संकरातून ते निघालं होतं. प्रत्येक बाळात हिशेब इतका चपखल जुळेल असं नाही, पण खोड हीच. मशीनमध्ये मापांचे तक्ते, वजनाचं सूत्र आणि वजनाच्या वाढीची रेषा ही तीन सेटिंग तीन ठिकाणी असतात. एक बदललं म्हणून बाकीची दोन आपोआप बदलत नाहीत. माझ्या जुन्या मशीनवर कधीतरी एका अपडेटनंतर नेमकं हेच झालं होतं आणि ते माझ्या लक्षात यायला कित्येक महिने गेले. रिपोर्टवर नुसतं 'परसेंटाइल' छापून येत होतं. कुणाचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तक्ता बनवायलाच इतका त्रास का?

जन्मलेलं बाळ काट्यावर ठेवता येतं. पोटातलं नाही, सगळी अडचण इथून सुरू होते.

जुना मार्ग सोपा होता. कोणत्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं वजन किती, याची नोंद ठेवायची आणि त्याचीच रेषा काढायची. लुला लुबचेन्को यांचा १९६३ चा प्रसिद्ध तक्ता असाच बनला. पण बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आणि बत्तिसाव्या आठवड्यात पोटात सुखाने असलेलं बाळ एकसारखं नसतं. जे लवकर येतं त्याच्या मागे बऱ्याचदा काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते आधीच लहान असतं. त्यातून ती सगळी बाळं डेन्व्हरची, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवरची. तिथल्या विरळ हवेत बाळं मुळातच थोडी हलकी जन्मतात. अशी रेषा गर्भाला लावली की आजारी बाळही 'ठीक' दिसतं.

म्हणून सोनोग्राफीवर आधारलेले तक्ते आले. तिथे वजन मोजलं जात नाही, अंदाजलं जातं. हॅडलॉकच्या चांगल्या सूत्रांचाही अंदाज पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. आपलं २२५० ग्रॅमचं बाळ प्रत्यक्षात १९०० चं असेल, नाहीतर २६०० चं. तरी आपण त्याला सहावं सेंटाइल असं काटेकोर नाव देतो.

या अंदाजात सगळ्यात जास्त भार पोटाच्या घेरावर असतो आणि सगळ्यात चुकीचं मापही तेच असतं. डोक्याला कवटीचं हाड आहे, काठ पांढरा लख्ख दिसतो. मांडीचं हाड तर काठीसारखं उचलून मोजता येतं. पोट मऊ. जठराचा काळा बुडबुडा दिसायला हवा, नाळेची शीर आत वळताना दिसायला हवी, मूत्रपिंड दिसता कामा नये, छेद गोल हवा. बाळाची पाठ वर असेल तर मणक्याची सावली अर्ध्या पोटावर पडते. प्रोब जरा दाबला की गोलाचा अंडाकार होतो. शेवटच्या महिन्यात पाणी कमी असेल तर काठ कुठे संपतो आणि गर्भाशयाची भिंत कुठे सुरू होते, हे ठरवताना डोळे बारीक करावे लागतात. वरच्या उदाहरणात पोटाचा घेर २८.७ ऐवजी २९.७ धरला तर वजन २२५० चं २३६५ होतं आणि बाळ हॅडलॉकच्या दहाव्या रेषेच्या वर उडी मारतं. कॅलिपर (स्क्रीनवरची मोजायची खूण) जरासा सरकून घेर सेंटीमीटरभर बदलला की निदान बदललं.

आणि कॅलिपर सरकतो. आपल्याला माहीत असतं की ३६ आठवडे आहेत. स्क्रीनवर ३३ दिसलं की हात आपसूक जरा बाहेरून काठ घेतो. हे कुणी मुद्दाम करत नाही. इंटरग्रोथच्या अभ्यासात म्हणून मोजणाऱ्याला आकडाच दिसू दिला नव्हता. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं, आकडे थेट साठवले जायचे. आपल्या रोजच्या ओपीडीत ही चैन नाही, पण पोटाचं माप दोनदा घेऊन सरासरी धरणं अशक्य नाही.

आणखी एक पेच आकडेशास्त्राचा. प्रत्येक बाईला एकदाच बोलावलं तर त्या त्या आठवड्यातल्या बाळांचे आकार कळतात, पण एका बाळाची वाढ कशी होते ते कळत नाही. त्यासाठी तीच बाई पाच-सहा वेळा यायला हवी. महाराष्ट्रात असा अभ्यास उभा करून पाहा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. पुढचे स्कॅन दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या मशीनवर. बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळीतली बाई दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात गेली की तिची फाइलच थांबते. ज्या बायका शेवटपर्यंत टिकतात त्या शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या. मग तक्ता त्यांचाच बनतो.

'आहे तसं' आणि 'असावं तसं'

पुढची तुलना समजायला एवढा एक फरक लागतो. काही तक्ते सांगतात की आमच्याकडची बाळं अशी असतात. काही सांगतात की आईला खायला-प्यायला, उपचाराला काही कमी नसेल तर बाळ असं वाढायला हवं. अंगणवाडीत भिंतीवर असतो तो वाढीचा तक्ता दुसऱ्या प्रकारचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरचा. त्यातल्या सहा ठिकाणांत दिल्ली होती. त्या तक्त्याने एक प्रश्न निकालात काढला: नंदुरबारचं मूल बारीक असेल तर ते 'त्यांच्याकडे असंच असतं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

गर्भाच्या बाबतीत हाच वाद अजून मिटलेला नाही.

हॅडलॉक

फ्रँक हॅडलॉक, ह्यूस्टन, टेक्सास. सूत्रं १९८५ ची, वजनाचा तक्ता १९९१ चा. जवळजवळ प्रत्येक मशीनवर आयता असतो, प्रत्येक गायनॅकला पाठ असतो, अमेरिकेतली मातृ-गर्भ वैद्यक संस्थाही २०२० च्या मार्गदर्शनात अशाच लोकसंख्येवर आधारित तक्त्याला पसंती देते.

आता पाया पाहा. ३९२ बायका, बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गीय, एका शहरातल्या, प्रत्येकीचा एकच स्कॅन. दहाव्या आठवड्यापासून एकेचाळिसाव्यापर्यंत वाटले तर एका आठवड्याच्या वाट्याला बारा-तेरा बाळं येतात. एवढ्या थोड्या बाळांवर उभी राहिलेली रेषा आज जगभर चालते, आणि खरं सांगायचं तर बरी चालते. कारण सूत्र दणकट आहे. पुढे निघालेल्या अनेक सूत्रांशी तुलना झाली, तरी हॅडलॉकचं तीन-चार मापांचं सूत्र कुणी फारसं मागे टाकू शकलेलं नाही.

आपल्याकडे त्याचा दोष एकच, पण मोठा. ही रेषा टेक्सासच्या गोऱ्या बाळांची आहे. आपल्याकडे दहाव्या रेषेखाली शंभरातली दहा बाळं जात नाहीत, त्याहून बरीच जास्त जातात. त्यातली किती खरोखर उपाशी आणि किती नुसतीच लहान चणीची, हे तक्ता सांगत नाही.

इंटरग्रोथ-२१

याच्याशी आपलं नातं आहे. ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली २००९ ते २०१४ दरम्यान आठ ठिकाणी हा अभ्यास झाला, त्यातलं एक ठिकाण नागपूर. बाकीची पेलोटास, तुरिन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबी आणि बीजिंगजवळचं शुन्यी. तेरा हजारांवर बायका तपासून ४६०७ निवडल्या आणि शेवटी ४३२१ जणींच्या बाळांवर तक्ता बांधला. दर पाच आठवड्यांनी स्कॅन, सगळीकडे एकाच प्रकारचं मशीन, तारीख पहिल्या तिमाहीत पक्की केलेली. कामाची शिस्त पाहून हेवा वाटावा.

नागपूरच्या बायका घेतल्या म्हणजे तक्ता आपल्यासारख्या बायकांचा झाला, असं मात्र समजू नका. वय १८ ते ३५, आजार नाही, तंबाखू नाही, वजन बेताचं आणि उंची किमान १५३ सेंमी. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे. म्हणजे माझ्या वेटिंग रूममधल्या अर्ध्याहून जास्त बायका नुसत्या उंचीवरच बाद झाल्या असत्या. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. 'असावं तसं' मोजायचं तर अशीच चाळणी लागते.

त्यांचा दावा असा की पोषण आणि उपचार नीट असतील तर जगभरची बाळं सारखीच वाढतात. ठिकाणाठिकाणांतला फरक एकूण फरकाच्या जेमतेम दोन ते साडेतीन टक्के निघाला. पण हे कशावरून? तर सुरुवातीच्या आठवड्यांतली गर्भाची लांबी, डोक्याचा घेर आणि जन्माच्या वेळची लांबी यांवरून. सगळी हाडांची मापं. पोट आणि वजन त्या तुलनेत नव्हतं. वादाचा मुद्दा नेमका तोच आहे, त्याकडे खाली येते.

वापरताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की हे पूर्ण पॅकेज आहे. डोक्याची रुंदी हॅडलॉक एका बाजूला हाडाच्या बाहेरून आणि दुसऱ्या बाजूला आतून मोजतो, इंटरग्रोथ दोन्ही बाजूंना बाहेरून. वजनाचं सूत्र वेगळं. एक तुकडा उचलून दुसऱ्याला जोडलात तर वरचं सतरावं सेंटाइल तयार होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता

२०१७ साली नॉर्वेच्या टॉर्विड किसेरुड यांच्या गटाने दहा देशांतल्या १३८७ बायकांवरून हा काढला. भारत त्यातही आहे. बायका निरोगी, खाऊनपिऊन सुखी. म्हणजे साधारण इंटरग्रोथच्याच विचाराने सुरुवात केली आणि निष्कर्ष मात्र जवळजवळ उलटा निघाला: देशादेशांत फरक आहे. आईचं वय, उंची, वजन, कितवं बाळंतपण, बाळ मुलगा की मुलगी, सगळ्याचा परिणाम दिसतो. भारतातली बाळं जन्माच्या वेळी बाकीच्या देशांपेक्षा लहान होती, दिवस सारखे धरले तरीही.

मला या गटाचा प्रामाणिकपणा आवडतो. त्यांनी तक्ता दिला आणि सोबत सांगितलं की स्थानिक परिस्थितीप्रमाणे जुळवून घ्यावं लागेल. व्यवहारातही एक सोय आहे: वजनासाठी त्यांनी हॅडलॉकचंच तीन मापांचं सूत्र घेतलंय. त्यामुळे मशीनवर सूत्र न बदलता फक्त रेषा बदलता येते.

त्यांनी मुलगा-मुलगी असे वेगळे तक्तेही दिलेत. आपल्याकडे ते पान उघडायचंसुद्धा नाही. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर देशातला पहिला कायदा केला, १९९४ ला केंद्राचा आला, आणि आज आपला प्रत्येक स्कॅन या कायद्याखालच्या नोंदीच्या एफ फॉर्मसकट होतो. मुलगी असेल तर रेषा थोडी खाली असते हे विज्ञान म्हणून बरोबर आहे, पण मशीनवर तसा तक्ता ठेवणं म्हणजे रिपोर्टमध्ये लिंग लिहून देणंच. दोघांचा एकत्रित तक्ता घ्या. ॲप्लिकेशनवाल्याला हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण तो परदेशी प्रीसेट तसाच ओततो.

बाकीचे, थोडक्यात

अमेरिकेत २०१५ साली बारा केंद्रांच्या अभ्यासातून वंशानुसार चार वेगळे तक्ते निघाले. त्यांचं म्हणणं, गोऱ्यांची रेषा इतरांना लावली तर पंधरा टक्क्यांपर्यंत बाळं उगीच 'खुंटलेली' ठरतात. त्यातल्या 'आशियाई' गटात चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळे एकाच पिशवीत. आपल्याला निरुपयोगी. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनचा २०१८ चा तक्ता पंच्याण्णव हजारांवर गर्भारपणांचा आहे, आकडेशास्त्र सुरेख, पण लोक इंग्लंडचे.

बर्मिंगहॅमच्या जेसन गार्डोसी यांचा 'ग्रो' मात्र विचार करायला लावतो. प्रत्येक आईसाठी वेगळी रेषा: तिची उंची, वजन, कितवी खेप, वंश हे सगळं धरून. कल्पना १९९२ पासूनची. १४५ सेंमी उंचीच्या बाईला १६५ सेंमीच्या बाईची रेषा का लावायची, हा प्रश्न कुणालाही पटेल. पण जरा थांबून बघा. मेळघाटातली आई ३८ किलोची का आहे? ती लहानपणापासून अर्धपोटी राहिली म्हणून. तिची रेषा खाली ओढली की तिच्या बाळाची उपासमार 'तिच्या मानाने ठीक' होते. आईवर झालेला अन्याय बाळाच्या तक्त्यात नॉर्मल म्हणून छापला जातो. शिवाय ब्रिटनमध्ये ग्रोसकट पूर्ण कार्यक्रमाची जी मोठी चाचणी झाली (निकाल २०२२), तिच्यात लहान बाळं ओळखण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाढलेलं दिसलं नाही.

आणि स्वतःच्या हॉस्पिटलचा तक्ता? एमडीच्या प्रबंधासाठी दरवर्षी कुणीतरी काढतं. मोठ्या हॉस्पिटलात येणाऱ्या बायकांमध्ये रेफर झालेल्या, बीपीच्या, शुगरच्या जास्त. त्या गाळल्या तर संख्या उरत नाही, ठेवल्या तर रेषा आजारी बाळांची होते.

एका नजरेत पाहायचं तर:

| तक्ता | पाया | वजनाचं सूत्र | आपल्याकडे काय होतं |
|---|---|---|---|
| हॅडलॉक, १९९१ | ३९२, ह्यूस्टन | स्वतःचं | उगीच धोक्याची घंटा जास्त |
| इंटरग्रोथ, २०१४ व २०१७ | ४३२१, आठ ठिकाणं, नागपूरसह | स्वतःचं, डोकं आणि पोट | सूत्रांची सरमिसळ झाली तर लहान बाळ सुटतं |
| आरोग्य संघटना, २०१७ | १३८७, दहा देश, भारतासह | हॅडलॉक, तीन मापं | हॅडलॉकसारखंच, घंटा जास्त |
| ग्रो | प्रत्येक आईची वेगळी रेषा | बहुधा हॅडलॉक | कुपोषण 'नॉर्मल' ठरण्याची भीती |

पुण्याचं बाळ आणि पोटाचा प्रश्न

वर म्हटलं की वाद पोटाचा आहे. त्याचं उत्तर शोधायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. इकडे सरासरी वजन २.७ किलो, तिकडे ३.५. पण कमतरता सगळीकडे सारखी नव्हती. लांबी आणि डोकं त्या मानाने कमी मागे होतं. सगळ्यात मागे होता पोटाचा घेर. आणि चरबी? ती जवळजवळ राखलेली. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी धरून असलेलं हे बाळ, ज्याला पुढे मधुमेहाचा धोका.

आता हे आपल्या मशीनशेजारी ठेवा. इंटरग्रोथने जे सारखं आहे म्हटलं ती हाडं, आणि ती आपल्या बाळांतही फार मागे नाहीत. आपलं बाळ मागे पडतं ते पोटात, आणि वजनाच्या प्रत्येक सूत्रात सर्वाधिक भार पोटाचाच. त्यामुळे परदेशी कोणतीही रेषा लावा, आपली बाळं वजनाच्या तक्त्यात ढीगभर खाली जाणार. ती सगळी वारेतून रक्त कमी मिळतंय म्हणून खाली नाहीत. पण ती 'आमच्याकडे असंच' म्हणून निरोगीही नाहीत. याज्ञिकांचं काम वाचल्यावर रेषा खाली ओढून मोकळं व्हायचा माझा मोह गेला.

तारीख

एवढा सगळा खल केल्यावर जी गोष्ट सगळ्यात जास्त बिघडवते तिचा तक्त्याशी संबंधच नाही.

"शेवटची पाळी कधी आली होती, ताई?"

"गणपती उठले ना, त्याच्या अलीकडे दोन-चार दिवस."

हॅडलॉकच्या तक्त्यात ३५ आठवड्यांची मधली रेषा २५९५ ग्रॅमला आहे, ३६ ची २८१३ ला. आणि इंटरग्रोथची ३६ आठवड्यांची मधली रेषा येते साधारण २५९४ ला. म्हणजे ज्या दोन तक्त्यांवरून परिषदांमध्ये भांडणं होतात, त्यांच्यातलं अंतर या टप्प्यावर बरोबर एका आठवड्याचं आहे. तारीख आठवडाभर चुकली की तक्ता बदलल्याइतकाच फरक पडतो. पहिल्या तिमाहीत गर्भाची लांबी मोजून तारीख पक्की केलेली नसेल, तर पुढे कोणताही तक्ता लावा, पाया हललेलाच.

याहून वाईट सवय आपल्या रिपोर्टमध्ये आहे. आठव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये मापं ३१ आठवड्यांची आली की खाली नवीन तारीख छापून जाते, आणि घरी सगळे म्हणतात, "डॉक्टरांनी तारीख पुढे दिली." तारीख पुढे गेलेली नसते, बाळ मागे पडलेलं असतं. मशीन सरासरी मापांवरून वय काढतं आणि त्याच वयाच्या रेषेवर बाळाला ठेवतं. मग बाळ पन्नासाव्यावर येणारच! ३४ आठवड्यांचं खुंटलेलं बाळ ३१ आठवड्यांचं गुटगुटीत होतं. मशीनमधलं हे सेटिंग बंद करून सेंटाइल पहिल्या स्कॅनच्या तारखेवर बांधणं, हे मी कोणताही तक्ता निवडण्याच्या आधी करीन.

मग मी काय ठेवलं

सूत्र हॅडलॉकचं, डोकं-पोट-मांडी. रेषा आरोग्य संघटनेची, मुलगा-मुलगी एकत्र. सूत्र आणि रेषा एकाच जातीची राहतात, आणि पाया ३९२ जणींपेक्षा रुंद. घंटा जास्त वाजेल हे मान्य करून. कारण आपल्याकडे बाई पुढच्या तारखेला येईलच याची खात्री नसते. सुटलेल्या बाळाची किंमत एका जादा डॉपलरपेक्षा फार मोठी आहे.

तुमचं काम वेगळं असेल तर उत्तर वेगळं येईल. मोठ्या शहरातलं फीटल मेडिसिनचं केंद्र, सगळ्या बायका बारा आठवड्यांना आलेल्या, दोन-तीनच प्रशिक्षित हात, तर इंटरग्रोथ पूर्ण पॅकेजसकट घ्यायला काहीच अडचण नाही. गायनॅक चार ठिकाणचे रिपोर्ट एकत्र वाचत असतील आणि सगळीकडे हॅडलॉक असेल, तर तुम्ही एकट्यानेच वेगळं काही ठेवू नका. त्यापेक्षा चौघांनी एकदा बसून ठरवा.

घंटा वाजल्यावर घाबरवायचं नाही, यासाठी गर्भाची वाढ खुंटली असं कधी म्हणायचं याबद्दलची २०१६ ची तज्ज्ञांची सहमती मी धरते. तिसऱ्या सेंटाइलखाली असेल तर तेवढंच पुरेसं, तिथे चर्चा नको. तिसऱ्या आणि दहाव्याच्या मध्ये असेल तर आणखी काही लागतं: डॉपलरमध्ये बिघाड, किंवा आधीच्या स्कॅनपासून बाळ पन्नासहून जास्त सेंटाइल घसरलेलं. डॉपलर चांगला, पाणी चांगलं आणि रेषेला धरून वाढत असलेलं आठव्या सेंटाइलचं बाळ बहुतेक वेळा लहान चणीचं असतं. वाढ बघायला पुन्हा बोलवायचं तर तीन आठवड्यांनी. आठवड्याभरात पुन्हा मोजलं तर बाळाच्या वाढीपेक्षा आपली मोजायची चूकच जास्त दिसते. दरम्यान डॉपलर हवा तेव्हा करता येतो.

रिपोर्टच्या तळाशी आता तीन ओळी आपोआप छापून येतात: तारीख कशावरून धरली, सूत्र कुणाचं, रेषा कुणाची. तीन महिन्यांनी माहेरच्या गावातली दुसरी सोनोलॉजिस्ट तो कागद बघेल, तिला निदान अंदाज करत बसावं लागणार नाही.

सेटिंग झाल्यावर ॲप्लिकेशनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, डिफॉल्ट बदलून टाकलं, आजपासून सगळ्यांना नवीनच लागेल." मग आठवलं, रजिस्टरमध्ये चाळीस-पन्नास बायका अशा होत्या ज्यांचे दोन स्कॅन जुन्या रेषेवर झालेत. रेषा मध्येच बदलली की बाळ न घसरताही घसरलेलं दिसेल. त्यांच्या फाइलींवर लाल पेनाने 'जुना' लिहिलं. बाळंत होईपर्यंत त्यांची रेषा हॅडलॉकचीच.